अर्बन सायन्समध्ये पोस्टडॉक करू का? आधी माहेर ठरव, मग लॅब

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारी २९ वर्षांची, पुण्यात फिजिक्समध्ये पीएचडी, नेटवर्कवर साथ कशी पसरते यावर थिसिस, सहा-आठ महिन्यांत सबमिट होईल. पुढे अर्बन सायन्समध्ये, म्हणजे गणित आणि डेटा वापरून शहरांचा अभ्यास करण्याच्या विषयात, काम करायचंय. दोन ठिकाणी बोलणी चाललीयेत. एक युरोपातला कॉम्प्लेक्सिटी (गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास) ग्रुप, दोन वर्षं, तिथल्या प्राध्यापकाच्या ग्रँटवर, मोबाइल डेटावर काम. दुसरी भारतातलीच एक शहरांवर काम करणारी संस्था, पगार कमी, काम बससेवेवर, हिला ती 'बॅकअप' म्हणते. नवरा हिंजवडीत नोकरीला, सासरचे विचारतात अजून किती शिकणार. आणि शेवटचं वाक्य होतं, 'मॅडम, कुठली घेऊ, आणि त्यानंतर पक्की नोकरी लागते का हो?'

मॅडम नको, ताई चालेल, आणि मी सरळ तू म्हणते, एवढं लांब लिहायचं तर अहो-जाहो करत बसले तर उद्यापर्यंत संपणार नाही.

तर पहिली गोष्ट, तू विचारलंयस कुठली ऑफर, पण तुझा खरा प्रश्न शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे. या विषयात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, मिळणं त्यामानाने सोपं आहे. पोस्टडॉकनंतर काय, हे अवघड आहे, आणि त्याचं कारण तुझी हुशारी किंवा पेपरांची संख्या हे नसून या विषयाला स्वतःचं डिपार्टमेंटच नाहीये हे आहे. सांता फे इन्स्टिट्यूट १९८४ ची, लंडनचं कासा १९९५ चं, एमआयटीची सेन्सेबल सिटी लॅब २००४ ची, न्यूयॉर्कचं कस्प २०१२ चं, शिवाय व्हिएन्नाचं कॉम्प्लेक्सिटी सायन्स हब, शिकागोची मान्सुएतो इन्स्टिट्यूट, सिंगापूरमधलं ईटीएचचं सेंटर. यादी भारी दिसते, पण बघ, बहुतेक सगळी सेंटर, लॅब, इन्स्टिट्यूट. सेंटर पोस्टडॉक घेतं, प्रोफेसर डिपार्टमेंट घेतं. दोन्हींचे हिशोब वेगळे, पैसा वेगळा, आणि मुलाखतीला बसणारी माणसंही वेगळी.

या क्षेत्रातली मोठी नावं काढून बघ ना, ती कुठल्या खुर्चीवर बसलीयेत. शहरांच्या स्केलिंगवरचा (शहर मोठं झालं की काय किती पटीने वाढतं) २००७ चा गाजलेला पेपर ज्यांचा, त्यातले लुईस बेटनकोर्ट शिक्षणाने थिअरेटिकल फिजिसिस्ट, आणि शिकागोला प्रोफेसर आहेत इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनमध्ये! त्याच पेपरातले जेफ्री वेस्ट मूळ पार्टिकल फिजिक्सवाले. मार्ता गोन्झालेझ फिजिसिस्ट, बर्कलीत प्लॅनिंग आणि सिव्हिलमध्ये. मार्क बार्थेलेमी मात्र पॅरिसजवळ साक्लेला थिअरेटिकल फिजिक्सच्याच इन्स्टिट्यूटमध्ये राहून शहरांवर काम करतात. आणि मायकल बॅटी मुळातच प्लॅनिंगवाले, ते प्लॅनिंगचेच प्रोफेसर. म्हणजे विषय एक आणि दारं वेगवेगळी. प्रत्येकाला कुठल्या तरी जुन्या, पक्क्या डिपार्टमेंटने घरात घेतलंय, मग ते शहरांवर काम करतायत. मी याला माहेर म्हणते. सासर म्हणजे ही सेंटरं, तिथे कौतुक होईल, दोन-तीन वर्षं मजेत जातील, पण सातबारा माहेरचाच लागतो. (सासर-माहेरचा दाखला जुनाट वाटेल, पण आमच्या ग्रुपमधली मुलंसुद्धा आता 'माझं माहेर सिव्हिल' असं बिनदिक्कत म्हणतात.)

हे मी कसं शिकले ते सांगते, म्हणजे उगाच उपदेश वाटणार नाही. माझी पीएचडी स्टॅटिस्टिकल फिजिक्समधली. पहिला पोस्टडॉक जर्मनीत दोन वर्षं, दुसरा लंडनमध्ये तीन. पाच वर्षांत पेपर बरे झाले होते, परत यायचं ठरलं आणि अर्ज टाकायला लागले. एका ठिकाणी फिजिक्सवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एक ज्येष्ठ म्हणाले, हे सगळं छान आहे, पण यात फिजिक्स कुठेय? तीन आठवड्यांनी दुसरीकडे प्लॅनिंगवाल्यांकडे गेले, तिथे पहिलाच प्रश्न, तुमच्याकडे प्लॅनिंगची डिग्री आहे का. तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचलेच नाही, स्क्रूटिनीतच फाइल बाजूला, कारण पीएचडी 'संबंधित विषयात' नाही. पाच वर्षांत कुणीही मला सांगितलं नव्हतं की असं होईल, आणि मीही विचारलं नव्हतं, कारण लंडनमध्ये सगळे माझ्यासारखेच होते, कुणी मॅथ्सचा, कुणी आर्किटेक्ट, आणि सगळ्यांनाच वाटत होतं की विषय नवा आहे म्हणजे जागाही नव्या निघतील. निघाल्या नाहीत. म्हणजे निघाल्या, पण पोस्टडॉकच्या. शेवटी मला घेतलं ते सिव्हिलमध्ये, ट्रान्सपोर्टेशनच्या ग्रुपने, आणि तेही स्केलिंगच्या पेपरांसाठी नाही. कशासाठी ते पुढे सांगते.

म्हणून तू आधी हे ठरव की चार-पाच वर्षांनी तुला कोण घेणार. फिजिक्स हे माहेर ठेवायचं तर शहर हे तुझ्यासाठी उदाहरण राहणार, पद्धत हीच मुख्य. वर्बावात्झ आणि बार्थेलेमी यांचा २०२० चा नेचरमधला पेपर आहे शहरांच्या वाढीच्या समीकरणावर, तो याचा उत्तम नमुना. शहरांमधल्या स्थलांतराचे क्वचित येणारे मोठे धक्के घेतले आणि त्यातून समीकरण उभं केलं, कुठल्याही फिजिक्सवाल्याला त्यातलं फिजिक्स दिसतं. आपल्याकडे चेन्नईचं आयएमएससी (गणित-फिजिक्सची संशोधन संस्था), किंवा आयसर वगैरे ठिकाणी कॉम्प्लेक्स सिस्टिम्सला जागा आहे, पण तिथे तुझी तुलना बायॉलॉजीवर आणि ग्लासवर काम करणाऱ्या फिजिसिस्टशी होणार, प्लॅनरशी नाही. सिव्हिल किंवा ट्रान्सपोर्ट हे माहेर निवडायचं तर डिमांड मॉडेल, वेळापत्रक, सर्व्हे हे सगळं यायला हवं आणि बी.टेक.च्या मुलांना तू काय शिकवणार याचं उत्तर तयार हवं. बी.टेक.चा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस, भारतातल्या मुलाखतीत निम्मं वजन त्याला असतं. जिऑग्रफी किंवा प्लॅनिंग हे युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, फिजिक्सवाल्यांना बऱ्यापैकी उघडं आहे, आपल्याकडे जवळजवळ बंद. आणि कॉम्प्युटर सायन्स किंवा डेटा सायन्स, तिथे आत्ता जागा आहेत, पण तिथले लोक जर्नलपेक्षा कॉन्फरन्सचे पेपर मोजतात, म्हणजे आतापासूनच दुसरीकडे छापायला लागायचं. चारही घरांत थोडं थोडं करायला गेलीस तर एक ना धड भाराभर चिंध्या.

आता डेटाकडे येते, कारण तुझ्या दोन ऑफरींतला खरा फरक तिथे आहे.

जर्मनीत असताना मी मोठ्या हौसेने भारतातल्या शहरांवर स्केलिंग लावायला घेतलं होतं. कल्पना तुला माहीतच असेल, लोकसंख्या दुप्पट झाली की शहराचं उत्पन्न, पेटंट वगैरे दुपटीहून जास्त वाढतं, घातांक साधारण १.१५ म्हणजे २.२ पट, आणि रस्ते-केबल दुपटीहून कमी, घातांक ०.८५ म्हणजे १.८ पट. मी २०११ च्या जनगणनेचे आकडे घेतले, लॉग-लॉग ग्राफ काढला, रेषा सुंदर बसली, आणि मी खूश. मग एका संध्याकाळी यादी सहज डोळ्याखालून घालत होते तर बृहन्मुंबई यूए, म्हणजे सगळं मिळून धरलेलं शहर, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर सगळं आत, आणि वसई-विरार वेगळं शहर म्हणून निराळ्या ओळीत, १२ लाखांचं! माझी मावशी विरारची. आयुष्यभर विरार-चर्चगेट केलं तिने, लोकलमध्ये भाजी निवडली, माझे स्वेटर विणले. ती जनगणनेच्या हिशोबाने मुंबईची नाहीच. आणि मध्ये वसईची खाडी येते म्हणून असेल म्हणावं, तर ठाण्याची खाडी ओलांडून नवी मुंबई आत आहेच की. नुसती महापालिका धरली तर मुंबई १.२४ कोटी, यूए धरलं तर १.८४ कोटी, विरार-वसई घातलं तर आणखी पुढे. पुणं महापालिकेचं धरलं तर ३१ लाख, पिंपरी-चिंचवड वगैरे धरून ५० लाख. कुठलं पुणं खरं? तुझा नवरा हिंजवडीत नोकरीला, तूच सांग.

यावर रीतसर काम झालंय. एल्सा आर्काउते आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा पेपर आहे ब्रिटनच्या शहरांवर, शहराची हद्द कशी आखता त्यावर घातांक कसा बदलतो ते त्यात दाखवलंय. आपल्याकडे तर शहर कशाला म्हणायचं इथूनच सुरुवात. जनगणनेची सेन्सस टाउन म्हणजे ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि शेतीबाहेर काम करणारे पुरुष ७५ टक्के, अशा गावांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. तेव्हा ती बहुतेक कागदावर ग्रामपंचायतच. आणि युनोच्या स्टॅटिस्टिकल कमिशनने २०२० मध्ये मान्य केलेली व्याख्या घेतलीस तर शहराला सलग ५०,००० वस्ती आणि चौरस किलोमीटरला १,५०० घनता लागते, म्हणजे नकाशाच बदलला. त्यात आपला शेवटचा पूर्ण डेटा २०११ चा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७, म्हणजे बारीक तक्ते हातात येईपर्यंत तुझा पहिला पोस्टडॉक संपलेला असेल. यात निराश होण्यासारखं काही नाही, उलट त्या वेळी हे तक्ते आणि त्यातल्या खाचाखोचा ज्याला कळतात असं माणूस सगळ्यांना हवं असणार आहे.

आता मला नोकरी कशामुळे लागली ते. लंडनला असताना एका मोठ्या भारतीय शहराच्या बससेवेचा तिकिटांचा डेटा मिळाला, कंडक्टरच्या मशीनमधला. लाखो ओळी. मी स्केलिंगच्या वेळेसारखीच हुरळले, ओरिजिन-डेस्टिनेशन (कोण कुठून कुठे जातं) काढलं, आणि एका मार्गावर विचित्र काहीतरी दिसायला लागलं, तीन स्टॉपवर कुणीच चढत नाही आणि चौथ्यावर तीन-चार मिनिटांत चाळीस माणसं. मी त्याला नाव पण देऊन टाकलं होतं, हब वगैरे. मॉडेल पण बसलं, हेच तर वाईट. मग सुट्टीला आले होते तेव्हा तीन दिवस डेपोत जाऊन बसले, चौथ्या दिवशी त्याच मार्गाच्या बसमध्ये उभी राहिले. सकाळी पावणेनऊ. पहिल्या तीन स्टॉपना एवढी गर्दी की कंडक्टर मागच्या दाराशी अडकलेला, पुढे सरकताच येईना. चौथा स्टॉप मोठ्या सिग्नलच्या अलीकडे, तिथे बस तीन-चार मिनिटं उभी राहते. तेवढ्यात तो माणूस अंग चोरत पुढे आला आणि टकाटक सगळ्यांची तिकिटं फाडली. मशीनवर स्टेज (भाड्याचा टप्पा) चौथीच. माझा हब म्हणजे तो सिग्नल होता! मी त्यांना म्हटलं, अहो आधीची स्टेज लावून का नाही काढत, तर म्हणाले, मॅडम, स्टेज मागे घ्यायची तर इथेच निम्मा वेळ जाईल, पैसे बरोबर घेतो ना मी.

ते मी दुरुस्त केलं, म्हणजे बस सिग्नलला किती उभी राहते ते जीपीएसवरून काढून तिकिटं मागच्या स्टॉपवर वाटण्याची एक साधी पद्धत बसवली. तो पेपर माझ्या सगळ्यात कमी ग्लॅमरस जर्नलमध्ये आहे, आणि सिव्हिलच्या मुलाखतीत एक तासातली चाळीस मिनिटं त्यावरच बोलणं झालं. समितीतल्या एकांनी तर त्यांच्या शहरातल्या बसचं पण असंच होतं का ते विचारून घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला शहरातलं काहीतरी कळतं.

म्हणून ती दुसरी ऑफर, कमी पगाराची, बससेवेची, तिला तू 'बॅकअप' म्हणालीस ते मला खटकलं. तो बॅकअप नाहीये. तिथे एका शहराची खरी माहिती, आत ओळखी, आणि डेटा कुठून कसा येतो हे कळण्याची संधी आहे, आणि हे पाच वर्षांनी युरोपातून येऊन जमवणं फार कठीण जातं. पण मी तुला डोळे झाकून तीच घे असंही म्हणणार नाही. तिथे तुझ्या पद्धतींवर टीका करणारं, तुझं गणित तपासणारं कुणी आहे का? नसेल तर दोन वर्षांत रिपोर्ट पुष्कळ होतील आणि पेपर एकही होणार नाही, हे मी जवळून पाहिलंय. रिपोर्ट माहेरी मोजत नाहीत.

आणि युरोपच्या ऑफरमध्ये एक खाच आहे जी जाहिरातीत लिहीत नाहीत. मोबाइलचा डेटा कंपनीचा, करार युनिव्हर्सिटीशी, तू गेलीस की तुझा लॉगिन गेला. दोन वर्षांनी तुझ्याकडे पेपर असतील पण त्यावर पुढे काम करता येणार नाही, कारण डेटा त्यांच्या सर्व्हरवर. ज्यांनी सगळं करिअर एका फुकट डेटावर बांधलं त्यांचं काय झालं बघ. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचं फुकट दार बंद केलं, गुगलचे कोविडमधले मोबिलिटी रिपोर्ट ऑक्टोबर २०२२ ला थांबले, उबर मूव्हमेंटवर मुंबई-बंगळुरूचे प्रवासाचे वेळ मिळायचे तेही गेलं. माझ्याच एका विद्यार्थ्याचं थिसिसचं अख्खं एक प्रकरण त्यात बुडालं. तेव्हा मोबाइल डेटा जरूर वापर, पण त्याच्या जोडीला काहीतरी असं ठेव जे तुझ्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही, जनगणना, ओपनस्ट्रीटमॅप, सॅटेलाइटवरून काढलेली वस्ती, किंवा तू स्वतः केलेला सर्व्हे. जनगणनेत बी-२८ म्हणून तक्ता आहे, लोक कामाला किती लांब आणि कशाने जातात याचा, जिल्ह्यावार. अजूनही त्यातून निघण्यासारखं बरंच आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पैसे आणि क्रम याबद्दल थोडं. क्रम म्हणते कारण कुठे आधी जातेस त्यावर पुढचं दार उघडं राहतं की बंद होतं ते ठरतं. कुणाच्या ग्रँटवरची जागा म्हणजे काम त्यांचं, फेलोशिप म्हणजे काम तुझं, माहेर शोधताना फेलोशिपचं वजन जास्त. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला अट अशी की ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत तू १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. म्हणजे आता दोन वर्षं एखाद्या देशात ग्रँटवर काढलीस तर त्याच देशासाठी मारी क्युरी लगेच भरता येणार नाही, दुसरा देश बघावा लागेल. हे माहीत नसल्याने लॅबमध्ये रुळलेले लोक ऐनवेळी हळहळतात. जर्मनीत पगार सरकारी स्केलवर, ई१३, व्यवस्थित जगता येतं, पण पीएचडीनंतर मुदतीच्या नोकरीत साधारण सहाच वर्षं राहता येतं, त्यानंतर कायम करा किंवा निघा. सांता फेची पोस्टडॉक फेलोशिप तीन वर्षांपर्यंतची, काम तुझं, शिकवणं नाही, पण ती फार थोड्यांना मिळते आणि त्यांना पेपरांच्या गठ्ठ्यापेक्षा प्रश्न विचारणारं माणूस हवं असतं, तर अर्ज कर, धरून मात्र चालू नकोस. अमेरिकेत युनिव्हर्सिटी पोस्टडॉकला साधारण जे-१ व्हिसा देते, नवऱ्याला जे-२ वर परवाना काढून काम करता येतं, पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या, देशाबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जाला सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरची फी लागली तेव्हापासून तिथला पुढचा रस्ता मी कुणालाही गृहीत धरायला सांगत नाही.

परत यायचं असेल तर रामानुजन फेलोशिप परदेशात काम करणाऱ्या भारतीयांसाठीच आहे, चाळिशीच्या आत, आता ती एएनआरएफकडे, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, आहे (पूर्वीचं सर्ब त्यात विलीन झालं). इन्स्पायर फॅकल्टी या दुसऱ्या सरकारी फेलोशिपला वयाची अट आणखी कडक. यातली कुठलीच पक्की नोकरी नाही, पण पाच वर्षं पगार स्वतःचा घेऊन एखाद्या संस्थेत शिरता येतं, आणि आत शिरलेल्या माणसाची जागा निघण्याची शक्यता बाहेरच्यापेक्षा बरी असते. आयआयटी मुंबईचं अर्बन सायन्सचं सेंटर, बंगळुरूची आयआयएचएस, आयआयएससीचं ट्रान्सपोर्टचं सेंटर, अहमदाबादचं सेप्ट, या ठिकाणी आत्तापासूनच कुणाशी तरी बोलायला लाग, अर्जासाठी नाही, नुसतं काम दाखवायला. आणि युनिव्हर्सिटीच हवी असा हट्ट नसेल तर डब्ल्यूआरआय इंडिया, आयटीडीपी, बंगळुरूची सीस्टेप, पुण्यातली 'परिसर' ही संस्था, अशा ठिकाणी तुझ्यासारख्या माणसांना खरं काम असतं. माझा एक जुना पोस्टडॉक अशाच एका ठिकाणी गेला, त्याच्या एका टिपणामुळे बसच्या मार्गांची फेररचना झाली, माझ्या सगळ्या पेपरांनी मिळून एक थांबा हललेला नाही.

सासरच्यांचं म्हणशील तर 'शिकणार' हा शब्दच बदल. पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नाही, मुदतीची नोकरी आहे, पगार आहे, टॅक्स कापतात. हे मराठीत नीट सांगितलं की अर्धं भांडण मिटतं, माझं मिटलं होतं. उरलेलं अर्धं मात्र खरं आहे आणि ते तुझ्या-नवऱ्याच्या बोलण्यातूनच सुटेल, त्याची नोकरी घरून होते का, तो सहा महिने तरी येऊ शकतो का, मूल हवंय का आणि कधी. हे तुला माहीत, मला नाही. मी एवढंच म्हणेन की दोन वर्षं वेगळं राहायचं असेल तर शेवटची तारीख आधी ठरवा. आम्ही ठरवली नव्हती, आणि दोनाची पाच झाली.

बरं, आता थेट उत्तर. तू वर जे लिहिलंयस त्यावरून मी तुझ्या जागी असते तर युरोपची घेतली असती, पण सही करण्याआधी त्या प्राध्यापकांना तीन गोष्टी विचारल्या असत्या. आठवड्यातला एक दिवस माझ्या स्वतःच्या प्रश्नावर, भारतातल्या एका शहरावर घालवू देणार का, आणि त्या पेपरवर शेवटचं नाव, म्हणजे काम चालवणाऱ्याची जागा, माझं चालेल का? डेटाच्या करारात, मी गेल्यावर सहा महिने-वर्षभर तरी काम पूर्ण करायला परवानगी मिळेल का? आणि तुमच्याकडचे मागचे चार पोस्टडॉक आता कुठे आहेत? तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या तोंडून ऐकच, पण त्या चौघांनाही मेल टाक. दोघे तरी उत्तर देतात, आणि खरं देतात. पहिल्याला नाही म्हणाले तर बससेवेची घे, आणि तिथे असताना चेन्नई किंवा मुंबईच्या एखाद्या फिजिक्सवाल्याला धरून महिन्यातून एकदा काम दाखवायला जा. दोन्हीकडून नाही आलं तर एन-पीडीएफ (भारतातली सरकारी पोस्टडॉक फेलोशिप) भरून इथेच माहेरचा एक पक्का पेपर कर, त्यात कमीपणा काही नाही.

आणि त्या भारतातल्या संस्थेला 'विचार करून कळवते' असं तीन महिने लटकवून ठेवू नकोस. पुढे-मागे त्यांच्याकडेच डेटा मागायला जाशील. थिसिसचं कामही या गडबडीत मागे पडतं, तर आधी शेवटचं प्रकरण गाइडच्या टेबलावर टाक आणि मग मेल लिहायला बस. मसुदा लिहिलास की पाठव, मी बघते, फक्त सेमिस्टर सुरू झालंय, चार-पाच दिवस लागतील.